सैंधवाने आयोडीनची गरज भागत नाही

संपादक महोदय,

आयोडीनयुक्त मीठ म्हणजे ‘केमिकल’ आणि सैंधव किंवा समुद्राचे जाडे मीठ नैसर्गिक म्हणून गुणकारी, हा समज अलीकडे फार फोफावला आहे. गरोदर बायकांनाही मीठ बदलायला सांगितले जाते. हा सल्ला घातक आहे, आणि तो का, हे साध्या हिशेबानेही कळते.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात क्षार सुमारे ३५ ग्रॅम असतात आणि आयोडीन जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम. ते सगळेच मिठात उतरले असे धरले, तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमही भरत नाही. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागते, गरोदरपणी २५०. नुसत्या समुद्री मिठावर भिस्त ठेवायची तर दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास मीठ खावे लागेल! जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. सैंधवाचेही तेच. त्याचा गुलाबी रंग लोहाचा आहे, आयोडीनचा नव्हे.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या मुख्य संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन कमी पडले की संप्रेरक घटते, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी थायरॉइडला सतत चेतवत राहते आणि थायरॉइड सुजून गलगंड होतो. गलगंड निदान डोळ्यांना दिसतो. पोटातल्या बाळाच्या मेंदूची हानी दिसत नाही आणि भरूनही येत नाही, कारण गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात बाळ आईच्याच संप्रेरकावर वाढते.

पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात १९१७ पासून डेव्हिड मरीन आणि किंबॉल यांनी शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा सोडियम आयोडाइड हा आयोडीनचा क्षार दिला. घेणाऱ्या २१९० मुलींपैकी ५ जणींची थायरॉइड ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २३०५ पैकी ४९५ जणींची. आपल्याकडे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीनचे मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत दोन विभागांत गलगंड स्पष्टपणे घटला, तिसऱ्यात तो होता तसाच राहिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हे काम होते.

आता ते ‘केमिकल’ किती, तेही पाहू. किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन हवे असेल तर एक टन मिठावर सुमारे ५० ग्रॅम पोटॅशियम आयोडेट पाण्यात विरघळवून फवारतात. आयोडाइड न वापरता आयोडेट वापरतात, कारण दमट, अशुद्ध मिठात आयोडाइडचे हवेने आयोडीन होते आणि ते उडून जाते. आयोडेट त्या मानाने टिकते. फवारा नीट मिसळला गेला नाही तर मात्र एकाच पोत्यात कुठे जास्त, कुठे कमी, असे होते.

घरी तपासायचे तर बटाट्याच्या ताज्या कापावर मीठ पसरावे, मिनिटभर थांबावे आणि लिंबाच्या रसाचे दोनच थेंब टाकावेत. आयोडीन असेल तर निळसर रंग येतो. हा स्टार्च आणि सुटलेल्या आयोडीनचा रंग आहे, भेसळीचा नाही. रस जास्त पडला तर त्यातले क जीवनसत्त्व आयोडीनचे पुन्हा आयोडाइड करते आणि रंग येत नाही, म्हणून ‘दोनच’.

ग्राहकापर्यंत पोचताना मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते. पुढची गळती घरात होते. बरणी घट्ट झाकणाची आणि कोरडी असावी, शेगडीपासून लांब ठेवावी, ओला चमचा घालू नये. मीठ शक्यतो शिजवणे संपता संपता टाकावे.

रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले असेल तर प्रमाण कमी करावे, प्रकार बदलू नये. दूध, अंडी, मासे यांतूनही आयोडीन मिळते. थायरॉइडमध्ये जुन्या गाठी असलेल्यांना, विशेषतः वयस्करांना, आयोडीन एकदम वाढल्यास त्रास होऊ शकतो. त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आपला,
एक वाचक