विकासकाची कारकीर्द पुनर्वसनाच्या इमारतीवरून मोजावी

मा. संपादक,
स. न.

वर्तमानपत्रांच्या मालमत्ताविषयक पुरवण्यांत विकासकांच्या कारकिर्दीवर जे लेख आणि मुलाखती येतात, त्यांत विकलेल्या चौरस फुटांचा, मनोऱ्यांच्या मजल्यांचा आणि येऊ घातलेल्या प्रकल्पांचा हिशेब असतो. ज्यांची जुनी घरे पाडून हे मनोरे उभे राहिले, त्या मूळ रहिवाशांच्या हाती किल्ल्या कधी पडल्या, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. मोकळ्या जमिनीवर बांधकाम करणाऱ्याबाबत हे एक वेळ चालून जाईल. पुनर्विकास करणाऱ्याला मिळणारे विक्रीयोग्य चटई क्षेत्र, म्हणजे बांधून विकता येणारे क्षेत्रफळ, मुळी पुनर्वसनाच्या बदल्यातच मिळते, त्यामुळे त्याच्या कारकिर्दीचे पहिले माप पुनर्वसनाची इमारत हेच असले पाहिजे. आमच्या उपनगरातील बहुतेक जुन्या गृहनिर्माण संस्था सध्या विकासक निवडण्याच्या वाटेवर असल्याने हा विषय लांबचा राहिलेला नाही.

या संदर्भात एचडीआयएल (हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर लिमिटेड) या बांधकाम कंपनीची वाटचाल सलगपणे पाहण्याजोगी आहे. वाधवान कुटुंबीय प्रवर्तक असलेली ही कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली आणि २००७ मध्ये भांडवल बाजारात उतरली. त्याच वर्षी मुंबई विमानतळाच्या सुमारे २७६ एकर जमिनीवरील झोपडपट्टीच्या पुनर्वसनाचे काम तिच्याकडे आले. सुमारे ८५ हजार कुटुंबांच्या स्थलांतराचे ते काम होते आणि त्या वेळी त्याचा केवढा गाजावाजा झाला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या आवारात पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. घर मिळण्यास कोण पात्र, हा प्रश्न सुटला नाही, अनेक रहिवाशांची तेथे जाण्याची तयारी नव्हती, आणि त्या इमारतींतील हजारो सदनिका वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. २०१३ मध्ये विमानतळ कंपनीने करार रद्द केला. बहुसंख्य झोपड्या होत्या तिथेच राहिल्या.

असे असूनही त्याच काळात कंपनीच्या उत्पन्नात मोठी भर पडत होती, ती कशी, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. पुनर्वसनाच्या सदनिका बांधल्या की त्या बदल्यात विकासकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर मिळतो आणि तो खुल्या बाजारात इतर विकासकांना विकता येतो. सदनिकेत शेवटी राहायला कोण आले, की कोणीच आले नाही, याची नोंद टीडीआरच्या हिशेबात होत नाही. ज्या धंद्यात कमाई परवानगीच्या आणि बांधकामाच्या टप्प्यावर होते आणि जबाबदारी ताबा देण्याच्या टप्प्यावर उरते, त्यात शेवटचा टप्पा रेंगाळला तर नवल नाही. एका कंपनीच्या नीतिमत्तेइतकाच हा नियमांच्या रचनेचाही प्रश्न आहे.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजेच पत्राचाळीत, हीच रचना अधिक उघडपणे दिसली. २००८ मध्ये म्हाडा, रहिवाशांची संस्था आणि गुरुआशीष कन्स्ट्रक्शन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. विकासकाने ६७२ भाडेकरूंना घरे द्यायची, म्हाडाला तिचा वाटा द्यायचा आणि उरलेले बांधकाम विकायचे, असे त्याचे स्वरूप होते. चाळ रिकामी झाली, पर्यायी घरासाठी विकासकाकडून मिळणारे भाडे काही वर्षांनी बंद झाले, आणि भाडेकरूंच्या इमारती पूर्ण झालेल्या नसताना जागेवरील चटई क्षेत्र नऊ विकासकांना विकून ९०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा करण्यात आली, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. म्हाडाने २०१८ मध्ये करार संपुष्टात आणला आणि २०२२ च्या प्रारंभी शासनाच्या निर्णयानुसार स्वतःच अपुरे काम हाती घेतले. त्याच वर्षी एका खासदारांना या प्रकरणात अटक झाली आणि पत्राचाळ हे नाव रोज मथळ्यांत येऊ लागले. त्या गदारोळात राजकारणावर जितके रकाने खर्ची पडले, तितके भाडेकरूंवर पडले नाहीत, हे आपल्या व्यवसायाबद्दल आदर राखूनही नमूद करावेसे वाटते.

येथे एक बारकावा आहे. करारावर नाव होते गुरुआशीषचे, जी एचडीआयएलची उपकंपनी होती. विमानतळाचे काम एका नावाने आणि गोरेगावचे दुसऱ्या नावाने, त्यामुळे चाळीतल्या भाडेकरूला दोन्ही कामे एकाच कारकिर्दीची आहेत हे सहजासहजी कळण्याची सोय नव्हती. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये एचडीआयएलची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. बँकेचे सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज या एकाच समूहाकडे अडकल्याचे उघड झाले आणि ठेवीदारांना सुरुवातीला प्रत्येकी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. खटल्यांतील दोष न्यायालय ठरवील. परंतु विमानतळ, पत्राचाळ आणि बँक या तिन्ही घटना एका ओळीत ठेवून पाहण्याची संधी सामान्य माणसाला सगळे बुडाल्यानंतरच मिळाली.

आज परिस्थिती बदलली आहे का? काही अंशी बदलली आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्यानुसार प्रकल्पाची नोंदणी करताना प्रवर्तकाला मागील पाच वर्षांतील प्रकल्पांची, त्यांच्या विलंबाची आणि प्रलंबित दाव्यांची माहिती द्यावी लागते. मात्र हा कायदा मुख्यतः घर विकत घेणाऱ्यासाठी आहे. पुनर्वसनाच्या सदनिका विक्रीसाठी नसल्याने मूळ रहिवाशाला त्याचा आधार फारसा मिळत नाही. शिवाय हल्ली प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी किंवा भागीदारी संस्था काढली जाते. तिचे वय प्रकल्पाइतकेच असते आणि साहजिकच तिची पाटी कोरी असते. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने २००९ मध्ये आणि सुधारित स्वरूपात ४ जुलै २०१९ रोजी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली निर्देश काढले. निविदा, प्रकल्प सल्लागार, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विशेष सर्वसाधारण सभा, बँक हमी, असे सर्व टप्पे त्यांत आहेत आणि ते उपयुक्तही आहेत. तरीही सभेत प्रत्यक्षात चर्चा होते ती जादा क्षेत्र किती, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी) किती आणि भाडे किती यांची. सर्वांत मोठा आकडा टाकणारा निवडून येतो. यात आम्हा सभासदांचा लोभ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तुलना करण्याजोगी दुसरी खात्रीची माहिती समोर नसेल, तर माणूस आकड्यांकडेच पाहणार.

प्रत्येक विलंब विकासकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, हेही मान्य केले पाहिजे. न्यायालयीन स्थगिती, रहिवाशांतील गटबाजी, किनारपट्टीचे आणि उंचीचे निर्बंध, बदलत राहणारी नियमावली यांमुळे चांगल्या विकासकांचे प्रकल्पही अडकतात. वेळेवर घरे देणारे विकासकही या शहरात आहेत. कारकिर्दीची खरी नोंद झाली तर लाभ सर्वांत आधी त्यांनाच होईल, कारण आज त्यांना फुगवलेल्या आश्वासनांशी स्पर्धा करावी लागते.

म्हणून म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, महापालिका आणि महारेरा (रेरा कायद्याखालील राज्याचे प्राधिकरण) यांनी एकत्रितपणे प्रवर्तक व्यक्तीनिहाय नोंद सार्वजनिक करावी, अशी माझी सूचना आहे. कंपनीचे नाव कोणतेही असो, त्या प्रवर्तकाने किती कुटुंबांची घरे रिकामी करून घेतली, त्यांपैकी कितींना भोगवटा प्रमाणपत्रासह, म्हणजे इमारतीत राहण्याच्या अधिकृत परवानगीसह, ताबा मिळाला, भाडे कोणत्या महिन्यापर्यंत दिले आहे आणि पुनर्वसनाआधी किती विक्री झाली, एवढे चार रकाने पुरेसे आहेत. ही माहिती त्या त्या कार्यालयांच्या फायलींत असतेच किंवा असायला हवी. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ घेण्याचा नियम अलीकडे केला, त्याअर्थी इच्छा असेल तर असे बदल होऊ शकतात. नोंद तयार होईपर्यंत आपल्या पुरवणीने विकासकाच्या प्रत्येक मुलाखतीत मूळ रहिवाशांच्या ताब्याविषयी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेचा सभासद, मालाड, मुंबई