पुराच्या खुणा गंगाघाटावर कोरून ठेवा

महोदय,

सिंहस्थाच्या कामांच्या बातम्या आपल्या अंकात रोज वाचते. त्या कामांत एका लहानशा कामाची भर घालावी, म्हणून हे पत्र.

मी रोज संध्याकाळी गंगेवर फिरायला जाते. जुन्या नाशकातली आम्ही माणसे गोदावरीला गंगाच म्हणतो. सुंदरनारायणापासून निघायचे, होळकर पुलावरून पंचवटीत उतरायचे, रामकुंडापाशी घटकाभर टेकायचे, नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला हात जोडायचे आणि नारोशंकराच्या देवळासमोर थांबायचे. त्या वेळी गावाच्या बाजूने तिरपे ऊन येते आणि देवळाच्या काळ्या दगडातले चोचीत माळा धरलेले मोर एकेक करून उठून दिसू लागतात. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेले हे देऊळ. दर्शनी भिंतीवरची मोठी घंटा वसईच्या विजयानंतर आणलेली. बुधवार असला तर बाजाराच्या गर्दीतून वाट काढावी लागते, पण मला तेही आवडते. कोथिंबिरीच्या जुड्यांच्या वासाशिवाय आमचा घाट पुरा होत नाही.

दिवाळीत नातू सोबत होता. घंटेकडे बोट करून मी त्याला म्हटले, ‘हिला पाणी लागले की महापूर.’ तो एकदा खाली संथ वाहणाऱ्या पाण्याकडे बघे, एकदा वर. त्याला काही पटेना. पटावे असे दाखवायला माझ्याजवळ काही नव्हते.

१९६९ च्या पुरात मी नऊ वर्षांची होते. भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात पाणी शिरले आणि पितळेची घागर तरंगत दारातून बाहेर गेली, एवढे मला स्वच्छ आठवते. पाणी ओसरल्यावर वडिलांनी दुकानातल्या सागवानी खांबावर पटाशीने आडवी रेघ मारली. पुढे कितीतरी वर्षे गिऱ्हाईक त्या रेघेला हात लावून बघायचे. वाडा पाडला तेव्हा खांब लाकडाच्या भावाने गेला. तो मी तेव्हा मागून घ्यायला हवा होता.

२ ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पुन्हा पाणी आले. २०१९ चा ऑगस्टही तसाच गेला. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की क्युसेकचे आकडे मोबाईलवर येतात, पण गावात प्रत्येक जण विचारतो ते एवढेच, ‘मारुतीला कुठवर लागले?’ कमरेला, छातीला, डोक्यावरून. नाशिककरांना हे माप पुरते. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र त्यातून काहीच कळत नाही. आणि येत्या सिंहस्थाचे पहिले मोठे स्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, म्हणजे २०१६ चा पूर आला त्याच तारखेला. त्या दिवशी पायऱ्यांवर उभ्या असलेल्या परगावच्या लाखो माणसांना पाणी कुठवर चढते हे कोण सांगणार?

म्हणून मागणी अशी : रामकुंड, नारोशंकराचा परिसर आणि सराफ बाजाराकडची उतरण या तीन जागी १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुराच्या पातळ्या दगडात कोराव्यात. जवळ मराठी आणि हिंदीत दोन ओळी असाव्यात. जुन्या देवळांच्या भिंतींना मात्र छिन्नी लावू नये, स्वतंत्र घडीव दगड उभे करावेत. रंगाने रेघा मारल्या तर त्या एका पावसाळ्यात जातील. फलक लावले तर त्यांच्यावर जाहिराती चिकटतील, हे रोज बघते आहे.

२०१६ चे पाणी कोणत्या पायरीला होते ते मी बोट ठेवून दाखवीन. १९६९ चे दाखवू शकतील अशी माणसे आमच्या गल्लीत माझ्याखेरीज आता दोनच उरली आहेत, आणि त्यातले एक ऐंशी ओलांडलेले आहेत.

आपली,
एक वाचक, जुने नाशिक