आवाज परत आला, नावे आली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर आवरण्याविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. त्यात एक सल्ला असा होता की जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि खोकी भंगारात द्यावीत. जागाही सुटते आणि गाणीही कायमची जपली जातात. जागा सुटते हे खरे. दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या बाईला ते पटवून द्यायला नको. पुढच्या अर्ध्या वाक्याला मात्र माझी हरकत आहे, म्हणून हे पत्र.

आम्ही लालबागचे, मूळ सिंधुदुर्गातले. माझे सासरे गिरणीत कामाला होते आणि चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. डबलबारी ज्यांनी ऐकली नसेल त्यांना थोडक्यात सांगते: समोरासमोर दोन बुवा, दोघांची मंडळे, पेटी, पखवाज, टाळ, आणि एकाने टाकलेला सवाल दुसऱ्याने गाऊनच परतवायचा. पहाट झाली तरी कोणी उठत नाही. मामंजी अशा बाऱ्यांना टेपरेकॉर्डर घेऊन जायचे. नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायचे आणि बाजू संपायच्या वेळी पखवाजावरून हात काढता येत नसे, म्हणून ती उलटायला शेजारचे एक पोर बसवून ठेवायचे. १९८२च्या संपानंतर मंडळातले कितीतरी जण गावी परतले ते कायमचेच. त्यांचे गाणे उरले ते या कॅसेटींमध्ये. यातली एकही बाजारात आली नव्हती, कधी येणारही नव्हती.

२००५च्या जुलैत हे खोके कुर्ल्याला माझ्या दिरांकडे होते, तळमजल्यावर. २६ तारखेला सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, आणि मिठी नदीने कुर्ल्याचे काय केले ते मुंबईकराला सांगायला नको. कॅसेटी चिखलात सापडल्या. त्या स्वच्छ पाण्यात खळबळून सावलीत वाळवल्या, टेप काढून स्क्रूच्या नव्या कवचांत भरली, आणि बऱ्याचशा वाजल्यासुद्धा! डब्यांतल्या कागदांवर मामंजींनी शाईने लिहिलेले मात्र सगळे वाहून गेले. कोणती बारी, कुठली, समोर कोण बुवा, यातले काही वाचता येईना.

मग पुतण्याने डेकला वायर लावून एकेक कॅसेट संगणकात घेतली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात, त्याला आडवाट नाही. मामंजी शेजारी बसून सांगायचे आणि पुतण्या ते सगळे फाइलच्या नावातच टंकायचा: बुवाचे नाव, गाव, साल, पखवाजावर कोण, टाळावर कोण. ती नावे कसली, चांगली दीड-दीड ओळ लांबीची. मामंजी गेले त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्यात वीज जाऊन येऊन खेळत होती आणि एका सकाळी संगणक सुरूच होईना. दिरांनी तो दुरुस्तीला दिला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा एकदम चकाचक, नवे विंडोज, पडद्यावर एकही फोल्डर नाही. पैसे घेताना दुकानदाराने विचारले, "आतला डेटा पाहिजे होता का?" हा प्रश्न पैसे घेताना विचारायचा नसतो, संगणक ठेवून घेताना विचारायचा असतो. दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण ही रीत एकाच दुकानाची नाही. हॉटेलात मिसळ मागवली तरी पाव जास्त हवा का विचारतात. दुरुस्तीच्या पावतीवर 'डेटा ठेवायचा / नको' एवढी एक ओळ छापून समोर सही घ्यायला काय जड आहे? ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हे मनावर घ्यावे.

पुढचे पुतण्याने केले. तो आयटीतला नाही, बँकेत आहे, पण शांत डोक्याचा आहे. त्याने पहिल्यांदा संगणक बंद करून हार्ड डिस्क बाहेर काढली. झटपट फॉरमॅट केल्याने, म्हणजे नवे विंडोज बसवण्याआधी डिस्क कोरी करून घेतल्याने, तिच्यावरचे सगळे पुसले जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसे होते, पाने जागेवर असतात. ती पाने खरी मरतात त्यांच्यावर नवे काही लिहिले गेले की. म्हणून अशा डिस्कवर एक फोटोसुद्धा साठवायचा नाही, आणि डेटा परत आणणारे सॉफ्टवेअर तर तिच्यावर मुळीच चढवायचे नाही. आमची डिस्क फिरणारी, जुन्या धाटणीची होती, हे नशीब. हल्लीच्या एसएसडीत, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये, पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीने ड्राइव्ह आतल्या आत साफ करून टाकतो, मग फार काही हाती लागत नाही. आणि डिस्क टकटक वाजत असेल तर घरी हात लावू नये. तिचे वाचणारे टोक बिघडलेले असू शकते, आणि प्रत्येक वेळी चालू करताना ते आतल्या तबकडीवर ओरखडे काढण्याची भीती असते. अशी डिस्क धूळमुक्त खोलीत उघडणाऱ्याकडेच द्यावी लागते आणि खर्च चांगलाच येतो. लॅमिंग्टन रोडला सगळे मिळते म्हणतात, पण 'बघतो उघडून' म्हणणारा तिथेही भेटतो. त्याच्याकडून डिस्क परत घ्यावी.

पुतण्याने दुसऱ्या संगणकाला डिस्क जोडून आधी तिची जशीच्या तशी प्रत काढली आणि त्या प्रतीवर फोटोरेक चालवले. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. नाव फोटोचे असले तरी ते गाणीही शोधते, कारण प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला ठरावीक खूण असते आणि ते ती खूण हुडकत संपूर्ण डिस्क चाळते. रात्रभर चालले. सकाळी फाइलींची रास होती. विंडोज जिथे नव्याने बसले तेवढा भाग गेला होता, पण बहुतेक आवाज परत आला होता. पेढे आणायची तयारी चालली होती, तेवढ्यात पुतण्याने फाइलींची यादी उघडून दाखवली. प्रत्येकीचे नाव एफ हे अक्षर आणि पुढे सात-आठ आकडे. खुणेवरून शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला फाइलचे मूळ नाव कळत नाही. नाव अनुक्रमणिकेत असते, आणि ती तर फाटली होती.

आता यातली गंमत पाहा. पुतण्याच्या सिनेमाच्या गाण्यांना दोन दिवसांत नावे मिळाली. एमपीथ्री फाइलच्या पोटात टॅग असतो, त्यात गाणे, गायक, चित्रपट नोंदलेले असतात आणि ते फाइलबरोबर जिवंत राहतात. ज्यांना टॅग नव्हता त्यांना पिकार्ड नावाच्या सॉफ्टवेअरने आवाजाच्या ठशावरून ओळखले, जगभरच्या लोकांनी मिळून भरलेल्या यादीशी ताडून. म्हणजे जी गाणी उद्या पुन्हा मिळवता आली असती, त्यांची सोय झाली. आमच्या बाऱ्या मात्र डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता जशाच्या तशा ठेवणाऱ्या फाइलींत होत्या, पोटात काही लिहिलेले नाही, आणि त्यांचा ठसा जगाच्या कुठल्याच यादीत नाही.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आमच्या वेळी 'हॅलो'वरून गिऱ्हाईक ओळखायची सवय लागलेली असे, ती इतक्या वर्षांनी कामी आली. काही बुवा मी ओळखले. मग मंडळातले उरलेले म्हातारे दर रविवारी दिरांकडे जमू लागले. चहा व्हायचा, फाइल लागायची आणि भांडण सुरू. ऐंशीच्या घरातले एक काका मान हलवून म्हणाले, "अगो सूनबाई, ह्यो पखवाज माझो नाय, माझ्या भावाचो!" आणि दोघांच्या डाव्या हातातला फरक मांडीवर वाजवून दाखवला. हे कोणत्या सॉफ्टवेअरला जमणार?

पण सगळ्यात जास्त नावे मिळाली ती बक्षिसांतून. बारी रंगली की कुणीतरी पाच-अकरा रुपये देतो आणि माईकवरून पुकारतात, अमुक वाडीचे अमुक यांच्याकडून बुवांना अकरा रुपये. त्यात देणाऱ्याचे नाव येते, गाव येते, बुवाचे नाव येते, कधी कुठल्या निमित्ताने बारी आहे तेही येते. ऐकताना हा व्यत्यय वाटतो, आणि जुन्या ध्वनिमुद्रणाची साफसफाई करणारी हौशी मंडळी नेमके हेच पहिल्यांदा कापतात, खोकला आणि पंख्याच्या घरघरीबरोबर. कृपा करून कापू नका. एका फाइलीत तर गाणे थांबवून कोणी तरी लाइट गेल्याबद्दल संयोजकांना शिव्या घातल्या आहेत, त्यात चाळीचे नाव आले म्हणून ती बारी ओळखू आली.

तेव्हा लेखातल्या सल्ल्यात माझी भर एवढीच: कॅसेट उतरवताना आधी नाव उतरवा, आणि ते फाइलच्या पोटात घाला. आम्ही आता सगळे फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात बदलले. त्यात आवाजाचा कणही जात नाही, जागा डब्ल्यूएव्हीच्या सुमारे निम्मी लागते आणि देवनागरीत टॅग नीट बसतो. शिवाय प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला काकांच्याच आवाजात दोन वाक्ये बोलून ठेवली आहेत, कारण टॅगही उडू शकतो. आणि सगळी यादी एका दोनशे पानी वहीत, या वेळी बॉलपेनने.

प्रतींचे म्हणाल तर तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी, हा नियम जाणकार सांगतात तो आमच्यासारख्यांना सहज जमतो. एक डिस्क लालबागला, एक पुतण्याकडे, आणि एक गणपतीला कोकण रेल्वेने गावी जाते व तिथली जुनी परत येते. मिठी नदीचे पाणी काही तिथपर्यंत पोचत नाही. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवू नये. वापराविना पडून राहिला तर त्यातली माहिती हळूहळू विरू शकते. क्लाउडवर फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत नव्वद मिनिटांच्या कॅसेटी न दाबता जेमतेम पंधरा मावतात, कारण एकेक साडेनऊशे एमबीची होते. आणि जे आपोआप सिंक होते तेच केवळ बॅकअप समजू नका. घरच्या संगणकावर फाइल उडाली की ते इमानेइतबारे वरचीही उडवते.

आमचे झाले, पण लालबाग-परळ-शिवडी पट्ट्यात भजनी मंडळे, नमन मंडळे, शाहिरांची पथके यांच्याकडे अशी खोकी अजून माळ्यावर आहेत. चाळींच्या जागी टॉवर उठताहेत आणि घर बदलताना माळ्यावरचे पहिल्यांदा जाते. ज्या गाण्याचा धंदा झाला त्याला कंपनी वाली असते, याला कोणी नाही. आपल्या शहरात मराठी ग्रंथालये आहेत, गणेशोत्सव मंडळांची वाचनालये आहेत. त्यांनी एक कपाट आणि दोन हार्ड डिस्क एवढे जरी बाजूला काढले आणि मंडळांच्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत, नावांच्या यादीसह, ठेवून घेतली तर खर्च एका कपाटाचा आणि दोन डिस्कचा. यादीशिवाय आलेली डिस्क मात्र त्यांनी घेऊ नये. देणाऱ्याला परत पाठवून आधी म्हाताऱ्यांना गाठायला सांगावे. आमच्या रविवारच्या बैठकीत सुरुवातीला आले तेवढे काका आता येत नाहीत.

आपली एक जुनी वाचक,
लालबाग, मुंबई