कॉपी परत केलीत, त्याबद्दल

प्रिय ताई,

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. "बरं बरं, पान छपाईला सोडायचंय" म्हणून तुम्ही उठता. म्हणून हे जाहीर पत्र. यातून उठून जाता येणार नाही.

तुमच्या वर्तमानपत्रात माझ्या इंटर्नशिपचा तिसरा दिवस होता, सोलापूरचा उन्हाळा. मी मोठ्या ऐटीत कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, आणून दिली: उजनी शून्य टक्क्यांवर, धरणात पाण्याचा थेंब नाही. तुम्ही पेनाला हातही लावला नाहीत. चष्म्यावरून बघत एवढंच विचारलंत, "मग आज सकाळी आंघोळ कशानं केलीस?"

त्या एका प्रश्नानं माझी दुपार खाल्ली. पाटबंधारेच्या नियंत्रण कक्षाला तीन वेळा फोन केला, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. उजनीत एकूण पाणी मावतं साधारण 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातलं 63.66 मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, आणि 53.57 त्यावरचं उपयुक्त. टक्केवारी सांगतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे 'शून्य टक्के' म्हणतात तेव्हाही धरणात 63 टीएमसीच्या वर पाणी असतं आणि तेच आपण पितो. उणे 20 टक्के म्हणजे मृतसाठ्यातलं पावणेअकरा टीएमसी उपसलं, तरी 53 च्या आसपास उरलं. हे घेऊन मी धावत आले, तर तुमचा पुढचा प्रश्न तयार: "आणि गाळ किती?"

क्युसेकचंही तसंच. टीएमसी हा साठा आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते, हे पुस्तकात होतंच. पण तुम्ही कॅल्क्युलेटर पुढे सरकवलात. 11,574 क्युसेकनं सलग 24 तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं, हा आकडा मी त्या दिवशी स्वतः काढला. अजून विसरलेले नाही. वर्गात दोन वर्षं 'कोण, काय, कधी, कुठे, का, कसे' घोकलं होतं. त्यात 'किती' नव्हतं.

मग पाणीटंचाईची बातमी. 'महिलांमध्ये तीव्र संताप' असं लिहिलं होतं मी, वस्तीत जेमतेम दहा मिनिटं थांबून. "संताप दिसला कसा तुला? कुणी भांडं आपटलं?" कॉपी परत. (तुमचं 'एकच खळबळ'वरचं भाष्य तर आम्ही पोरं अजून सांगतो: "दोन खळबळी कधी उडालेल्या पाहिल्यास का?")

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. एका मावशींच्या दाराच्या चौकटीवर खडूनं तारखा लिहिल्या होत्या, नळाला पाणी आलं त्या दिवसांच्या. एका तारखेपुढं फुली. विचारलं तर म्हणाल्या, "त्या दिवशी बहिणीच्या पोरीचं लगीन होतं, पाणी चुकलं. शेजारणीकडनं दोन हंडे घेतले, अजून फेडायचेत." मला वाटलं, आता खडूच्या तारखा आणि पालिकेचं वेळापत्रक यांत तफावत सापडणार आणि पहिल्या पानावर बायलाइन, म्हणजे बातमीवर माझं नाव, मिळणार. तुम्ही ताडून बघायला लावलंत. सगळ्या तारखा जुळल्या. माझा चेहरा पडला, तेव्हा म्हणालात, "जुळल्या तर जुळल्या लिही. हंडे आहेत की." बातमी आतल्या पानावर आली, बायलाइनशिवाय. सुरुवात त्या फुलीपासून होती. मावशींनी कात्रण मागून घेतलं.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती. नाव लिहिलेलं नाही, म्हणून मी निर्धास्त. पण गाव होतं आणि 'वडिलांचं किराणा दुकान' होतं. "त्या गावात किराणा दुकानं किती?" तुम्ही शांतपणे विचारलंत. एकच होतं. पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम 23 मला परीक्षेपुरतं पाठ होतं. घर, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही. ते कलम कशासाठी आहे, हे त्या दुकानाच्या ओळीवर काट मारताना कळलं. ती काट तुम्ही मारली नाहीत, माझ्याकडून मारून घेतलीत.

दर 6 जानेवारीला पत्रकार दिनाचे सत्कार होतात. 1832 चं 'दर्पण', बाळशास्त्री जांभेकर, शाल, श्रीफळ. तुम्ही कधीच दिसला नाहीत तिथं. "सगळेच गेले तर पान कोण लावणार?"

आता मी बातम्या तपासायच्या डेस्कवर आहे आणि माझ्याकडेही पोरं येतात. परवा एकानं कॉपी दिली: उजनी शंभर टक्के, सोलापूरचा पाणीप्रश्न मिटला. दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती, पानाची वेळ झाली होती. तरी परत दिली आणि विचारलं, "तुझ्या घरी नळाला पाणी कधी आलं होतं शेवटचं?" त्यानं आईला फोन लावला. पान वीस मिनिटं उशिरा सुटलं, बोलणी मी खाल्ली.

या पत्रात एखादा आकडा चुकला असेल तर फोन करा. रात्री बारापर्यंत मी डेस्कवरच असते.

तुमची,
'थेंब नाही'वाली