नाना, समासातल्या पेन्सिलीबद्दल आभार

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

जळगाव-धुळ्याकडे अहिराणीत पंधरा-वीस मिनिटांचे विनोदी लघुपट लिहिणाऱ्यांची बाडं तुम्ही ओळ न ओळ वाचता आणि समासात पेन्सिलीने शेरे लिहून परत पाठवता. मुंबईत पटकथा-संवाद लिहिण्यात हयात घालवलेल्या माणसाने गावाकडच्या पोरांसाठी एवढं करावं, याचे आभार फोनवर मानून भागत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

सगळ्यात मोठा उपकार हशानंतरच्या ओळीचा. नाटकात लोक हसले की नट थांबतो. सिनेमा कोणासाठी थांबत नाही. मोठ्या हशाला लागूनच कथेची माहिती ठेवली तर ती त्या आवाजात बुडते, आणि मग प्रेक्षक शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ विचारत बसतो. तिथे दोन-तीन सेकंदांची बिनबोलाची कृती लिहायला तुम्ही शिकवलंत. कोणी भाकरी मोडतं, कोणी चप्पल शोधतं, कोणी दाराची कडी लावतं. हशा आला तर काही हरवत नाही, नाही आला तरी प्रसंग लटकत नाही.

दुसरा शेरा वाक्यरचनेचा. बाडात ओळ होती: ‘पोलीस पाटलाच्या घरी भरीत झालं, कारण चोरीची वांगी पंचनाम्यासाठी तिथेच ठेवली होती.’ गंमत पहिल्या चार शब्दांतच फुटली, पुढे नुसता खुलासा उरला. तुम्ही शेजारी लिहिलंत: ‘चोरीची वांगी पंचनाम्यासाठी पोलीस पाटलाकडे ठेवली. सकाळी पंचनामा झाला. देठांचा.’ मराठीत काय, अहिराणीत काय, क्रियापद शेवटी येतं, आणि नेमका हसवणारा शब्द ‘होता’, ‘आहे’, ‘म्हणून’ यांच्या खाली गाडला जातो. वाक्य तोडायचं, जमेल तिथे क्रियापद गाळायचं, तो शब्द टोकाला आणायचा. भरीत हा शब्दच काढून टाकलात, तरी वास येतोच.

बोलीबद्दल तुम्ही कडक आहात, आणि ते योग्यच आहे. पात्र आलं की ‘काय करी ऱ्हायना भो?’ म्हणवून घ्यायचं आणि हशाची वाट पाहायची, हे तुम्ही सरसकट खोडता. चाळीसगावच्या माणसाची ती रोजची भाषा. तो स्वतःच्या बोलण्याला का हसेल? तो हसतो सोयरिकीच्या बैठकीत मोजूनमापून पुस्तकी बोलणाऱ्या बापाला, जो हुंड्याचा आकडा निघताच अहिराणीवर घसरतो. तिथे बोली त्या माणसाचं पितळ उघडं पाडते.

प्रसंग हलत नसला की तुमचा एकच प्रश्न असतो: या माणसाला आत्ता काय हवंय? १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’चं उदाहरण तुम्ही त्याचे लेखक वसंत सबनीस यांचं नाव घेऊन देता. मुळात १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची गोष्ट, पण गरज साधी: राहायला खोली हवी, आणि ती जोडप्यांनाच मिळणार. पुरुषांच्या अंगावरच्या साड्या त्यातून आल्या. साडी आधी सुचली आणि कारण मागून शोधलं, की प्रेक्षकाला ते कळतं.

लांबीचा हिशेबही तुमच्यामुळे सुधारला. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हे गणित इंग्रजी पटकथेच्या ठराविक साच्याचं. देवनागरीत फाँट आणि ओळींमधलं अंतर बदललं की ते फसतं. घड्याळ लावून, कृतीला वेळ देत मोठ्याने वाचायचं. वाचताना जीभ अडखळली तर नटाचीही अडखळणार, तिथे ओळ छोटी करायची.

पैशाचं तर कोणी सांगतच नाही. कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी श्रेयं, करारात तिन्ही स्पष्ट हवीत. गोष्ट कोणाला ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करायची. हक्क लिहिल्याबरोबर मिळालेलाच असतो, नोंदणी हा तारखेचा पुरावा. शेवटचा हप्ता प्रदर्शनाला बांधायचा नाही, अंतिम खर्डा दिल्याच्या तारखेला बांधायचा, कारण कितीतरी सिनेमे डब्यातच राहतात. आणि कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला लेखकाचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही, तसं कलम दिसलं तर सही करायची नाही. हे शेरे तुम्ही लाल शाईत लिहिता, बाकी सगळे पेन्सिलीत. तो फरकही पोचला, नाना.

तुमच्या या मेहनतीचं मोल आम्हाला ठाऊक आहे. मनापासून आभार.

सोबत नवा खर्डा पाठवत आहोत. १८ पानं आहेत. डावीकडचा समास या वेळी दोन बोटं जास्त सोडला आहे.

आपले,
खान्देशातले लघुपट लिहिणारे