तवंदी घाटाबद्दल

खानापूर,
सोमवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू नुसतं "बरं नव्हतं" म्हणालास. बाकीचं वहिनींकडून कळलं. तवंदी घाटात गाडी कडेला घेतलीस, शर्टाची बटणं उघडलीस आणि "आता मी काय वाचत नाही" म्हणालास. मग दवाखाना, ईसीजी, रक्त तपासणी. सगळं नॉर्मल. "काही झालेलं नाही" म्हणून घरी पाठवलं. या वाक्याचा मला फार राग येतो. अरे, झालेलं असतं! पॅनिक अटॅक म्हणतात त्याला, भीतीचा झटका. छातीत दुखलं की हृदय तपासायलाच हवं, ते तू केलंस ते उत्तम. पण पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

चार वर्षांपूर्वी खानापूर-बेळगाव बसमध्ये माझं हेच झालं. मी तुला सांगितलं नव्हतं. समोरच्या सीटची दांडी धरली होती आणि बोटं मुंग्या येऊन आकसली, सुटेनात. मला वाटलं लकवाच. नंतर डॉक्टरांनी उलगडून सांगितलं : घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मुंग्या येतात, चक्कर येते, बोटं वळतात. रानात पायाखाली साप आला तर अंगात जे अॅड्रेनलिन उसळतं, तेच इथं साप नसताना उसळतं. साधारण दहा मिनिटांत ते टोकाला जातं आणि मग आपसूक ओसरतं. "हेदरब्याड्री", म्हणजे कानडीत "घाबरू नका", म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो हात अजून आठवतो.

असा एखादा झटका कुणालाही येऊ शकतो. पण झटके अवचित परत परत येऊ लागले आणि "पुन्हा येईल का" ही धास्ती महिनाभर किंवा जास्त मागे लागली, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. चिंतेचे आजार एकाच जातीचे नसतात. माझ्या आईला आपण काळजीखोर म्हणायचो ना? पोरं, पाऊस, उसाचं बिल, सहा-सहा महिने रोज काहीतरी, झोप नाही, मान आखडलेली. तोही आजारच होता, आणि आपण तो स्वभाव म्हणून सोडून दिला. याचं मला वाईट वाटतं. लग्नात चार माणसांसमोर घास न उतरणारा माझा चुलतभाऊ, त्याची भीती लोकांच्या नजरेची. कुणाला फक्त लिफ्टची, सुईची. आणि जिथून पटकन बाहेर पडता येणार नाही त्या बसची, गर्दीची भीती, ती माझी.

वहिनी म्हणाल्या, तू आता बेळगावला जातच नाहीस, माल दुसऱ्याबरोबर पाठवतोस. खरं भ्यायचं असेल तर याला भी. मी आधी बस सोडली, मग बेळगावच्या बाजारातली गणपत गल्ली, मग लग्नकार्य. प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं आणि भीती तेवढीच मोठी व्हायची. शेवटी घर ते दुकान एवढंच उरलं होतं.

मला समुपदेशनानं बाहेर काढलं. आधी एक स्टॉप, आठवडाभर तेवढाच, मग दोन. भीती आली तरी उतरायचं नाही, ती ओसरेपर्यंत बसून राहायचं. सोबत गोळ्या होत्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नकोस. मेडिकलमधून झोपेची गोळी मात्र परस्पर घेऊ नकोस, तिची सवय लागते. थायरॉइड तपासून घे, त्यानंही धडधडतं. आत्यांना अंगारा लावू दे, त्यांचं मन राहील, पण डॉक्टर चुकवू नकोस.

आपल्याकडे "धारवाडला न्यायला पाहिजे", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, म्हणून माणसाला हसतात. मी गेलोय धारवाडला. रांगेत शिक्षक होते, कंडक्टर होते, बाळंतीण होती. लगेच जायला जड वाटत असेल तर आज रात्रीच १४४१६ वर फोन कर. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.

रविवारी सकाळच्या बसनं निपाणीला येतोय. तुझ्या गाडीतून घाटापर्यंत जाऊ. स्टीअरिंग माझ्याकडे, तू शेजारी. छाती भरून आली तर कडेला थांबू, ओसरू देऊ, आणि मग मागं न फिरता संकेश्वरला जाऊन चहा घेऊ.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
शाळेतला बाकसोबती