दिप्या, फ्यूज बसल्याशिवाय गाडी हलवू नकोस

नाशिक,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिप्या,

तुझे तीन मेसेज आले आणि एकालाही उत्तर गेलं नाही, कबूल. तब्येत बरी, घरी सगळे ठीक. आज लिहायला बसलोय ते तू दुपारी पाठवलेल्या फोटोमुळे. तू राहण्याजोगी करून घेतोयस त्या ट्रॅव्हलर व्हॅनच्या मागच्या बेडखालचा तो फोटो मोठा करून बघितला. बॅटरीच्या प्लसवर निळी-हिरवी बुरशी, तिच्यात रुतलेला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड), आणि लगपासून दोन बोटं पुढे लाल केबलचं इन्सुलेशन चॉकलेटी पडून जरासं फुगलंय. आपल्या खोली नंबर 34 मधला तो जळक्या वायरचा वास आठव. आपण दोघं जागे होतो म्हणून निभावलं. आणि या बेडवर तुझी पोरगी झोपणार आहे.

तू लिहिलंस, ‘इंडक्शन लावलं की इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणून तीन हजार वॅटचा घेतोय.’ अरे, दोष इन्व्हर्टरचा नाहीच. तुझी ती 150 एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी 20 तासांच्या हिशोबाने 150 आहे, म्हणजे साडेसात अँपिअरने काढलंस तर. घरी पंखे-दिवे चालवायला ती उत्तम. इंडक्शन 800 वर ठेवलंस तरी ती 80 अँपिअरच्या आसपास ओढते. इतक्या ओढीला लेड-ॲसिड तिची निम्मी क्षमताही धड देत नाही, व्होल्टेज धाडकन साडेदहावर येतं आणि इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून हात वर करतो. बंद केलं की पाच मिनिटांत मीटरवर पुन्हा 12.4. म्हणून तुला वाटतं बॅटरी ठणठणीत आहे.

आता केबलचं. केबल बारीक असती तर ती सगळ्या लांबीभर मऊ पडली असती. तुझी फक्त लगपाशी भाजलीय, म्हणजे सांधा खराब आहे. लग पकडीने चेपलेला दिसतोय, आत तारा सैल, त्यात ॲसिडच्या वाफेने तांबं खाल्लंय. अशा सांध्याचा रोध 5 मिलिओहम जरी धरला, तरी 80 अँपिअरला तिथे 32 वॅट उष्णता होते. डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नची असते तेवढी, एका टोकावर, बंद खोक्यात. आणि चार्ज होताना ट्यूब्युलर हायड्रोजन सोडते. तो हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो, हलका असल्याने बेडच्या फळीखाली वरच साठतो. एकाच पेटीत हायड्रोजन आणि तापणारा सांधा. म्हणून उद्या सकाळी पहिलं काम: मायनस आधी सोड, मग प्लस, आणि ती बॅटरी गाडीतून बाहेर. घरच्या इन्व्हर्टरला लाव, तिथे अजून काही वर्षं जाईल. गाडीत नवीन लिथियम बॅटरी बसवशील, तिला समांतर मात्र ही जोडू नकोस. दोघींची चार्जिंगची पातळी वेगळी, एक दुसरीला सतत भरत राहते.

तीन हजारचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर घेऊ नकोस. हिशोब बघ: तीन हजार वॅट, 90 टक्के कार्यक्षमता, 12 व्होल्ट, म्हणजे 278 अँपिअर. एवढा करंट सांभाळणाऱ्या केबल, फ्यूज, बीएमएस (लिथियम बॅटरीतलं तिला सांभाळणारं सर्किट) सगळं महाग आणि अवजड. तीन हजार हवेच असतील तर 24 व्होल्टची सिस्टीम कर. पण मग फ्रिज, पंखे, पंप यांच्यासाठी 24 ते 12 कन्व्हर्टर लागेल. तुला त्याची गरज नाही. दोन हजार वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर घे, इंडक्शन 1200 च्या वर नेऊ नकोस. एक लक्षात ठेव, बरेच इंडक्शन 300 वर ठेवले तरी 300 ओढत नाहीत. ते हजार-बाराशेवर चालू-बंद होत राहतात. त्यामुळे ‘कमीवर ठेवतो’ ही पळवाट नाही. पोह्यांना किती वेळ लागतो तेवढंच बघ, आणि तुझ्या पोह्यांना लागतो त्याच्या निम्मा धर.

रोजचा खर्च मी असा मांडलाय: 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज 450 वॅट-तास, दोन बीएलडीसी पंखे रात्रभर 400, दिवे-मोबाइल-लॅपटॉप 250, इंडक्शन रोज 40 मिनिटं म्हणजे 800. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवलास तर स्वतःच 15-20 वॅट खातो, दिवसाला चारशेच्या घरात, म्हणून काम झालं की बंद. एकूण दोन हजारच्या आसपास. 12.8 व्होल्ट, 200 एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी म्हणजे 2560 वॅट-तास, त्यातले बावीसशे बिनधास्त वापर. छतावर 200 वॅटची दोन पॅनल आडवी टाकलीस तर चांगल्या उन्हात बाराशे येतील, राहिलेले आठशे गाडी दोन तास चालली की डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणारा) देईल. पॅनल समांतर जोड, एकावर झाडाची सावली आली तरी दुसरं चालत राहतं. एमपीपीटीला (पॅनलच्या चार्ज कंट्रोलरला) आधी बॅटरी जोड, मग पॅनल. एसीचं डोक्यातून काढ, रात्रभराच्या एसीला असल्या तीन बॅटऱ्या लागतील.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. बॅटरी ते इन्व्हर्टर.

दोन हजार वॅटला 185 अँपिअर धर. जाऊन-येऊन तीन मीटर तार असेल, तर 25 स्क्वेअर एमएममध्ये 0.39 व्होल्ट पडतात आणि 70 वॅट उष्णता होते. 70 स्क्वेअर एमएममध्ये 0.14 व्होल्ट आणि 26 वॅट. म्हणून 70 घे. बारीक तारांची लवचिक, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम मिळते, ती स्वस्त आणि हातात हलकी लागते. टोक खरवडून बघ, आत पांढरं दिसलं तर परत दे. गॅदरिंगच्या मांडवात तू मला ‘जाड वायर म्हणजे उधळपट्टी’ म्हणाला होतास, दोन दिवस आपण बोललो नव्हतो. तो वाद मी अजून सोडलेला नाही. बंड्याला विचार, तो साक्षीदार आहे.

लग टिनचा मुलामा दिलेले, तांब्याचे, 70 चेच. हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घे. केबल-लगच्या दुकानात मीटर मोजून देतात आणि तिथेच दाबूनही देतात, समोर उभा राहा. दाबल्यावर जोर लावून ओढून बघ. डाग देऊन बसवू नकोस, तापलं की शिसं सुटतं आणि धक्क्यांनी तार तिथेच तुटते. टर्मिनलवर सर्वात आधी लग, त्याच्यावर वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. लग आणि टर्मिनलच्या मध्ये स्टीलचा वॉशर कधीही नको, हीच चूक सर्वात जास्त दिसते. नट बॅटरीवाल्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळ आणि त्यावर मार्करची रेघ मार. घाटातून आलास की रेघ सरकली का ते डोळ्यांनीच कळतं.

फ्यूज. क्लास-टी, 250 अँपिअर, बॅटरीच्या प्लसपासून 18 सेंटीमीटरच्या आत. तुझ्या फोटोत फ्यूजच नाही, आणि ‘बीएमएस आहे ना’ असं तो मेकॅनिक तुला सांगतोय. बीएमएसमध्ये मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात, आणि ते बिघडले की बऱ्याचदा शॉर्ट होऊनच बिघडतात, म्हणजे दार उघडंच राहतं. एलएफपीचा आतला रोध इतका कमी, की पत्र्यावर केबल घासून शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहतात. मोटारीतल्या साध्या फ्यूजमध्ये वितळल्यावरही आर्क चालू राहतो, क्लास-टी तो तोडतो. घरातला एमसीबी (बोर्डातला ट्रिप होणारा स्विच) इथे चालणार नाही. तो घरच्या एसी करंटसाठी आहे, बॅटरीच्या डीसीचा आर्क त्याच्याने विझत नाही. फ्यूजनंतर 300 अँपिअरचा डीसी आयसोलेटर (हाताने तोडायचा स्विच), मग बसबार (तारा जोडायची पट्टी). केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आणि वरून खोबणीदार पाइप. मायनस आधी शंटवर (करंट मोजायच्या पट्टीवर), तिथून बसबारवर. एकही मायनस शंट टाळून थेट बॅटरीला लागला की मीटरवरची बॅटरीची टक्केवारी खोटी. आणि शंट हवाच, कारण एलएफपी 90 टक्क्यांना आणि 40 टक्क्यांना जवळपास सारखंच व्होल्टेज दाखवते.

बॅटरी घेताना असेंबल करून देणाऱ्याला पाच गोष्टी विचार: सेल एलएफपीच ना, नवे की जुन्या गाड्यांतून काढलेले, बीएमएस सलग किती अँपिअरचा (200 हवा, ‘पीक’ 200 नको), शून्याखाली चार्जिंग तोडतो का, आणि क्षमतेची चाचणी समोर करून देतो का. पूर्ण भरल्यावर ॲपमध्ये चारही सेल बघ. फरक 30 मिलिव्होल्टच्या आत असावा. शंभर अँपिअर ओढल्यावर एखादा सेल एकटाच खाली जात असेल तर ती बॅटरी उचलू नकोस. स्वस्त मिळते म्हणून तर मुळीच नको.

ते शून्याखालचं तुझ्या स्पितीच्या ट्रिपसाठी. गोठणबिंदूच्या खाली चार्ज केलं की लिथियम धातू होऊन ॲनोडवर चढतं आणि सेल कायमचा बिघडतो. वापरायला हरकत नाही, भरायला नाही. ऑक्टोबरात स्पितीतल्या काझाला रात्री तापमान शून्याखाली जातं, सकाळी ऊन पडतं तेव्हा पॅनल लगेच चालू होतं पण सेल अजून गार असतात. म्हणून बॅटरी केबिनच्या आत, सीटखाली, चेसिसला पट्टीने बोल्ट करून. इंजिनच्या बाजूला नको, उन्हाळ्यात 45 अंशांवर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

अल्टरनेटरला (इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या यंत्राला) लिथियम थेट जोडायला तो मेकॅनिक तयार आहे म्हणालास. नको. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, गाडी उभी राहून आयडलवर असेल तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, आतलं तापतं आणि डायोड जातात. बीएमएसने अचानक तोडलं तर व्होल्टेजची उसळी येते, त्यानेही डायोड मरतात. 30 अँपिअरचा डीसी-डीसी, 16 स्क्वेअर एमएम केबल, 60 चा फ्यूज दोन्ही टोकांना, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. इग्निशन चालू असेल तेव्हाच तो चालू व्हावा. सगळ्या चार्जरवर 14.2 ते 14.4 व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) साडेतेरा, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं मुद्दाम जास्तीचं चार्जिंग) बंद.

230 व्होल्टचं थोडक्यात. इन्व्हर्टरनंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) आणि 10 अँपिअरचा एमसीबी. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतील तर आरसीसीबी शोभेचा आहे, पण स्वस्त इन्व्हर्टरमध्ये ते बाहेरून जोडले तर इन्व्हर्टर जळतो, म्हणून मॅन्युअल वाचल्याशिवाय हात लावू नकोस. हॉटेलच्या आवारातून लाइन घेतोस त्यासाठी वेगळा चेंजओव्हर स्विच, दोन लाइन कधी एकत्र येता कामा नयेत. आणि बॅटरी चार्जर बाहेरच्या लाइनवरच लाव. इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये लावलास तर बॅटरी स्वतःलाच चार्ज करत रिकामी होईल.

पहिल्यांदा चालू करताना: आयसोलेटर बंद ठेवून त्याच्या दोन टोकांना 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लाव. तो क्षणभर पेटून मंद झाला की इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरले, मग आयसोलेटर चालू कर. नाहीतर ठिणगी उडते आणि बीएमएस ट्रिप होतो. बल्ब मंद होतच नसेल तर थांब, कुठेतरी शॉर्ट आहे किंवा प्लस-मायनस उलटे आहेत. मग इंडक्शन 1200 वर, पातेल्यात पाणी. मीटर आधी बॅटरीच्या टोकांवर, मग इन्व्हर्टरच्या टोकांवर. फरक 0.2 व्होल्टच्या वर गेला तर सांधा शोध. दहा मिनिटांनी प्रत्येक लगला बोट लाव. कोमट ठीक. बोट ठेववत नसेल तर तो उघडून नव्याने दाबून घे.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं? तारीख कळव, मी येतो. पोरीचा प्रवेश झाला का, कुठे? नवीन ऑफिसचं तू काहीच लिहिलं नाहीस, त्यावर फोनवर बोलू.

काम सुरू करायच्या आधी बॅटरी बाहेर काढलेला फोटो, आणि काम झाल्यावर फ्यूजचा जवळून एक फोटो, त्याच्यावरचे आकडे दिसतील असा. तोवर कुणीही मागच्या बेडवर झोपायचं नाही.

तुझाच,
अन्या

ता. क. क्लास-टी सगळीकडे मिळत नाही, फ्यूज आणि होल्डर दोन्ही मागवायला आठवडा लागू शकतो. आजच मागव. एक फ्यूज जास्तीचा घे आणि गाडीत ठेव.